काळं प्लास्टिक पडद्यावर दिसत नाही

ता. ९ जानेवारी
दुपारची सुट्टी

वन्सं,

नमस्कार. 'तुम्ही खुशाल असाल' असं लिहायची पद्धत आहे, पण परवाच भाचीशी फोनवर बोलणं झालंय, त्यामुळे ते वाक्य मी गिळते. इकडे आम्ही बरे आहोत. तुमचा भाऊ गुडघा सोडून ठीक आहे. गुडघ्याचं नाव काढलं की तो चिडतो, म्हणून घरात आम्ही त्याला 'तो विषय' म्हणतो. आज सकाळी तो विषय जिना उतरताना फार कुरकुरत होता.

फोन का नाही केला, असं तुम्हाला वाटेल. फोनवर तुम्ही तीनदा 'बरं' म्हणता आणि ठेवून देता. पत्रसुद्धा तुम्ही मध्येच ठेवू शकता म्हणा, पण निदान मला ते कळणार नाही.

मोठी बातमी अशी, की प्लास्टिक निवडायच्या आपल्या कारखान्यात मी आता वर बसते. छपराखाली, पट्ट्याच्या वरच्या बाजूला एक काचेची खोली बांधली आहे. तिथे मला चाकांची खुर्ची मिळाली आहे. पहिल्या दिवशी मी नेहमीसारखी धपकन बसले आणि थेट मागच्या भिंतीवर जाऊन आदळले. खालून सगळ्या बायका बघत होत्या. पुढचे दोन दिवस माझं नाव 'गाडीवाली' होतं.

आपण एकमेकींसमोर नऊ वर्षं ज्या पट्ट्यापाशी उभ्या होतो, तो आता दुप्पट वेगाने पळतो आणि त्याच्या मध्यावर एक मोठी पेटी बसवली आहे. पेटीत दिवे आणि कॅमेरा. आपल्या डोळ्यांना न दिसणारा एक प्रकाश असतो म्हणे. प्रत्येक प्लास्टिक तो आपापल्या तऱ्हेने परत फेकतं, आणि कॅमेरा त्यावरून ओळखतो की ही पाण्याची बाटली, हा तेलाचा डबा, हे औषधाचं झाकण. पुढे वाऱ्याच्या बारीक नळ्यांची रांग आहे. ज्याची पाळी येते त्याला नेमकी फुस्सकन फुंकर बसते आणि तो उडी मारून आपल्या कप्प्यात जातो. तुम्ही माझ्या पाठीत धपाटा घालून 'तिकडे नाही, इकडे' म्हणायचात, तेच काम. फक्त हे यंत्र बोलून दाखवत नाही.

माझ्यासमोर पडदा आहे. त्यावर कचरा दिसत नाही, रंग दिसतात. बाटल्या निळ्या, तेलादुधाचे डबे हिरवे, झाकणं आणि खोकी नारिंगी. हे रंग खरे नाहीत हं, ते आपण ठरवायचे. इंजिनिअर मुलगी आहे एक, चष्मेवाली, सारखी काही ना काही चघळत असते. तिने मला विचारलं, 'काकू, कुठला रंग कशाला देऊ?' असं काही मला आजवर कुणी विचारलं नव्हतं. मी अर्धा दिवस घेतला. आता ते निळं, हिरवं, नारिंगी समोरून वाहत जातं. आवाज काचेबाहेर राहतो, वास येत नाही, आणि दुपारी तीनच्या सुमाराला मला कळेनासं होतं की पट्टा सरकतोय की मीच खुर्चीसकट सरकतेय. घरी जाताना रस्त्यातसुद्धा रंग डोळ्यांवरून उतरत नाहीत. काल समोरून एक बाई बादली घेऊन आली आणि मी मनात म्हटलं, नारिंगी.

यंत्र आपोआप शहाणं झालं नाही. तीन महिने मी त्याला शिकवत होते. एकेक तुकडा कॅमेऱ्याखाली ठेवायचा आणि त्याचं नाव सांगायचं. मी सांगत होते ते सगळं तुमचंच होतं. मुडपून बघ, पांढरी रेघ उठली तर ती पाण्याच्या बाटलीची जात नव्हे. कानाशी चुरगळ. फरशीवर टाक आणि डोळे मिटून ऐक. मुलीने विचारलं, 'काकू, हे कुणी शिकवलं तुम्हाला?' म्हटलं, नणंदेने. 'त्या कुठे असतात?' म्हटलं, लेकीकडे. आणि मग मी पटकन चहाचं विचारलं.

पण तिने तो धागा सोडला नाही, आणि त्यामुळेच हे पत्र. झालंय असं, की काळं प्लास्टिक या कॅमेऱ्याला दिसतच नाही. काळा रंग तो प्रकाश पिऊन टाकतो, परत काही येत नाही. पडद्यावर पट्टा काळा, त्यावरचा काळा डबाही काळा. मला वाटतं पट्टा रिकामा आहे, आणि खाली वाकून बघावं तर कुंड्या, जेवणाचे ट्रे, टीव्हीच्या पाठी अशी वरात चाललेली असते. ते सगळं सरळ शेवटच्या खड्ड्यात पडतं आणि गाडीत भरून जाळायला जातं. मुलीला ते बघवत नाही. तिने साहेबांकडून मार्चअखेरपर्यंत एक टेबल मागून घेतलंय. हाताने, कानाने काळं वेगळं करणारं कुणी मिळालं, तर टेबल राहील. नाहीतर पुढेही जाळणंच.

मला जमत नाही. बायकांपैकी कुणालाच जमत नाही. रंगीत प्लास्टिकात डोळा मदत करतो, काळ्यात काहीच नाही. ते फक्त तुम्हाला यायचं.

त्या प्रकरणाबद्दल मी लिहिणार नव्हते, पण त्याशिवाय तुम्हाला 'या' कसं म्हणू? चार वर्षं झाली. पाण्याच्या बाटल्यांच्या मालात पीव्हीसीच्या बाटल्या गेल्या, भट्टीतला अख्खा लॉट आधी पिवळा आणि मग काळा झाला, धुराने दोन कामगार तीन दिवस खोकत होते. एक अर्धं रिकामं पोतं सापडलं, त्यात तशाच बाटल्या. पोती बाजूने फाडायची आपली रीत, त्यामुळे तोंडाची गाठ शाबूत होती. प्रत्येकीची गाठ वेगळी, आणि त्या पोत्यावर तुमची गाठ होती. मॅनेजरने तुमचं नाव घेतलं. झालं ते झालं. इथे आता कुणाला आठवतही नाही.

भाची सांगत होती, तुम्ही दाराला कडी घालता आणि तिला उठवून विचारता, 'बरोबर घातली ना?' औषधाची गोळी हातावर ठेवून विचारता, 'हीच ना?' दुकानात सुट्टे मोजत नाही, मूठ पुढे करता. ती म्हणाली, आई आधी अशी नव्हती, मामी. मी म्हटलं, वय होतं गं. आणि फोन ठेवला.

या, वन्सं. राहायला वरची खोली आहे.

तुमची वहिनी


ता. ३० जानेवारी
सकाळ, कामावर जाण्याआधी

वन्सं, नमस्कार.

तुमचं उत्तर मिळालं. साडेतीन ओळी. मी पाच पानं लिहिली होती हे मुद्दाम सांगत नाही.

'वहिनी, माझा हात गेला. ज्या हाताने एवढं नुकसान केलं, त्यावर मी कुणाचं काम सोपवणार नाही. यंत्र आलं ते बरं झालं. त्याच्या गुडघ्याला शेक द्या.'

तुमच्या भावाला वाचून दाखवलं. शेवटची ओळ ऐकून तो म्हणाला, 'हिला कुणी सांगितलं?' आणि माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी घरचं गुपित फोडलं. बाकीच्या तीन ओळी त्याने मला पुन्हा वाचायला लावल्या. मग म्हणाला, 'ताई थकली असेल.' आणि चपला घालून कोपऱ्यावर जाऊन आला.

या पत्राबरोबर एक पुडी पाठवते आहे. त्यात काळ्या प्लास्टिकचे बारा तुकडे आहेत. इंजिनिअर मुलीने ते सगळे काडेपेटीएवढे चौकोनी कापलेत, म्हणजे कुंडीचा कुठला आणि ट्रेचा कुठला, हे आकारावरून कळू नये. मागे खिळ्याने नंबर कोरलेत. प्रत्येकाचा जोडीदार तुकडा तिने तपासायला प्रयोगशाळेत पाठवलाय, तिथून खरं उत्तर येईल. तुम्ही फक्त नंबरासमोर लिहून पाठवा. बरोबर आलं, चुकलं, काही झालं तरी कुणाला सांगणार नाही. नका रागावू. मी पोरकटपणा करते आहे हे मला माहीत आहे.

परवा एक गंमत झाली. म्हणजे गंमतच म्हणायची. दुपारची वेळ, जेवण झालेलं, काचेतून ऊन आलेलं, आणि पडद्यावरचं निळं वाहणं बघता बघता मला खुर्चीतच डुलकी लागली. स्वप्नात तोच पट्टा होता, पण त्याला सुरुवात नव्हती आणि शेवटही नव्हता. सगळं रंगीत, अगदी तुमचे हातमोजेसुद्धा हिरवे. तुम्ही माझ्यासमोर उभ्या. पट्ट्यावर काळं काहीच दिसत नव्हतं, पण तुम्ही हात घालत होता आणि प्रत्येक वेळी हातात काही तरी काळं यायचं. ते तुम्ही कानाशी न्यायचात आणि हसायचात, जणू आतून कुणी काही सांगतंय. मी हाका मारत होते. मग तुम्ही माझ्यापुढे एक तुकडा धरलात आणि विचारलंत, 'हा कुठला गं?' मी सांगायला तोंड उघडलं, तर आवाज आलाच नाही. नुसती त्या नळीसारखी फुंकर आली, आणि तुकडा तुमच्या हातातून उडून गेला. तो कुठे पडला ते बघायला मी वाकले आणि जागी झाले. पडद्यावर निळं वाहतच होतं. कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

तुम्ही खरंच तसं विचारलं होतं. आठवतं तुम्हाला? मॅनेजर त्या पोत्याची दोरी घेऊन आला, सगळ्यांसमोर. तुम्ही ती हातात घेतलीत, उलटीसुलटी केलीत. दोन वेढे आणि शेपूट आत खोचलेलं. तुम्ही म्हणालात, 'गाठ माझी आहे.' एवढंच. मग तो गेल्यावर तुम्ही उपड्या क्रेटवर बसलात आणि ढिगातून एकेक बाटली उचलून कानाशी धरायला लागलात. आणि मला विचारत होतात. 'ही कुठली गं? आणि ही? ही पाण्याचीच ना?' ज्यांनी मला शिकवलं, त्या तुम्ही मला विचारत होतात.

आणि मी उत्तरं दिली. एकेक. 'हो, वन्सं. हो. ती पाण्याचीच.'

तुमची ती गाठ मला येते, हे तुम्हाला माहीत आहे का? लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी, स्वयंपाकघरात बसून तुम्हीच शिकवली होतीत, सुतळीचा तुकडा घेऊन, गंमत म्हणून.

बसची वेळ झाली. पेनही अडखळतंय. तुकड्यांचं तेवढं बघा.

तुमची वहिनी


ता. २२ फेब्रुवारी
रविवार, सकाळ

वन्सं,

आज नमस्कार शेवटी करीन, तोवर तुम्हाला तो नको झाला नाही तर.

तुमचं पार्सल सोमवारी आलं. वर चिठ्ठी: 'मला नाही सांगता येत. तुकडे परत पाठवते, हरवले म्हणायला नकोत.' माझं अवसान गळालं. पुडी मी मुलीच्या हातात दिली आणि म्हटलं, बाई, नाद सोड. ती चघळत चघळत उघडायला लागली. आत एक नव्हे, तीन पुड्या निघाल्या. जुन्या कॅलेंडरच्या कागदाच्या, दोऱ्याने बांधलेल्या. एकीत पाच तुकडे, एकीत चार, एकीत तीन.

'काकू, मी तर एकाच पुडीत दिले होते. यांनी वेगळे का बांधलेत?'

मी म्हटलं, माहीत नाही. पण मला माहीत होतं. प्रयोगशाळेचा कागद दोन दिवसांपूर्वीच आला होता, तिच्या खणात होता. तिने तो काढला आणि नंबर लावून बघायला लागली. पाच तुकडे, पाचही कुंड्यांच्या जातीचे. चार, चारही जेवणाच्या ट्रेचे. तीन, टीव्हीच्या पाठीचे. बारापैकी बारा. तिने पुन्हा पहिल्यापासून मोजलं. मग चघळायची थांबली आणि म्हणाली, 'पण त्यांनी तर लिहिलंय की सांगता येत नाही.'

वन्सं, तुम्हाला बहुतेक कळलंसुद्धा नसेल. परत पाठवायचे म्हणून तुम्ही एकेक उचलला असेल, मनात दुसरंच काही चाललं असेल, आणि हातांनी आपापलं काम उरकून टाकलं. मी खुर्चीत बसले. खुर्ची मागे गेली. मी तिला जाऊ दिलं.

आता लिहिते. दोनदा लिहून फाडलंय, हे तिसऱ्यांदा.

ते पोतं माझं होतं.

तुम्हाला आठवत असेल, मॅनेजर पाळी संपताना प्रत्येकीचं पोतं उघडून मूठभर माल बाहेर काढायचा. माझ्यातून दर वेळी दोन-तीन तुकडे चुकीचे निघायचे आणि तो ते उंच धरून सगळ्यांना दाखवायचा. बायका हसायच्या, मीही हसायचे. घरी येऊन मी न्हाणीघरात नळ सोडून रडायचे. तुमचं पोतं तो कधीच उघडत नव्हता. गाठ बघायचा आणि पुढे जायचा. माझ्या चुका शेवटच्या, घाईतल्या पोत्यातच असायच्या, म्हणून मी त्या पोत्याला तुमची गाठ मारून ते तुमच्या ढिगात सरकवायला लागले. दिवसाला एकच. दोन महिने मारत होते. तुमच्या ढिगात माझं एक पोतं जास्त जायचं, तुम्हाला कधी जाणवलं नाही, कारण तुम्ही पोती मोजत नव्हता. तुम्ही मला घाईबाई म्हणायचात ना, ती घाईबाई एवढं मात्र अगदी सावकाश, नीट करत होती.

आणि त्या दिवशी. हे मी तुमच्या भावालाही आधी सांगितलं नव्हतं. मला कळलं नाही आणि चुकून गेलं, असं लिहिता आलं असतं. पण तसं नाही. त्या तेलकट बाटल्यांतली एक मी मुडपली होती. पांढरी रेघ उठली होती, मला ती स्पष्ट दिसली. बाकीच्या सात-आठ त्याच घोळक्यातल्या होत्या. पोतं जवळजवळ भरलं होतं, भोंगा वाजायला पाच मिनिटं होती, सगळं उपसून पुन्हा निवडावं लागलं असतं. मी विचार केला, हे पोतं काही उघडणार नाहीत. आणि वर तुमची गाठ मारली.

तुम्ही दोरी हातात घेऊन 'गाठ माझी आहे' म्हणालात, तेव्हा मी तुमच्यापासून चार हातांवर होते. मला वाटलं, तुम्ही आता वर बघाल आणि तुम्हाला कळेल. तुम्ही वर बघितलंच नाहीत. तुम्ही आपल्या हातांकडे बघत होता. तेव्हा बोलायला हवं होतं. त्या दिवशी नाही जमलं, मग दुसऱ्या दिवशी तुम्ही कामावर आला नाहीत, मग महिन्याने लेकीकडे निघालात, मी तुमची बॅग भरून दिली आणि स्टेशनवर तुम्हाला पाण्याची बाटली घेऊन दिली. एवढे सगळे दिवस होते. मी एकाही दिवशी बोलले नाही.

तुम्हाला माझा संशय आला असता, तर तुम्ही स्वतःवर इतक्या उलटला नसतात, म्हणून मला माहीत आहे की तुम्हाला तो आला नाही. तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवलात आणि त्यासाठी आपल्या हातांवर अविश्वास दाखवलात. 

मंगळवारी तुमच्या भावाला सांगितलं. तो भाजी निवडत होता. सगळं ऐकलं, उठला, हात धुतले आणि माझ्याकडे पाठ करून खिडकीशी बसला. दोन दिवस माझ्याशी एक अक्षर नाही. तिसऱ्या दिवशी मी म्हटलं, वन्संना आत्ताच फोन करते. तेव्हा पहिल्यांदा बोलला. 'फोन करू नकोस. फोनवर तू रडशील, आणि ती तुलाच समजावत बसेल. पत्र लिही. तिला एकटीला वाचू दे.' तुम्हाला तो किती ओळखतो बघा. मला इतक्या वर्षांत वाटायचं, त्याला स्वतःच्या गुडघ्यापलीकडे काही दिसत नाही.

शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत सगळ्या बायका बसल्या होत्या, तिथे उभी राहून सांगितलं.   त्या दिवशी धुरात खोकलेल्या दोघांपैकी एकाची बायको आता आपल्यातच आहे. तिने डबा उचलला आणि दुसरीकडे जाऊन बसली. तिचं बरोबरच आहे. मग मॅनेजरकडे गेले. तो म्हणाला, 'चार वर्षांनी आता मी याचं काय करू?' मी म्हटलं, दोन ओळी लिहून द्या, शिक्का मारून. तो नाही म्हणाला, हो म्हणाला, साहेबांना विचारतो म्हणाला. शेवटी मुलगी त्याच्या टेबलापुढे उभी राहिली आणि हलेचना, तेव्हा त्याने लिहिलं. कागद सोबत आहे. त्याचं अक्षर तुम्हाला माहीतच आहे, पण तुमचा काही दोष नव्हता, एवढं वाचता येतं. प्रयोगशाळेचा कागदही जोडला आहे. त्यावर बारा खुणा मुलीने केल्या आहेत, लाल पेनाने, आणि खाली तिच्या नावाची सही आहे.

सोमवारपासून मी काचेच्या खोलीत नसेन, खाली असेन. मॅनेजर म्हणाला, यंत्राजवळ भरवशाचं माणूस हवं. यावर वाद घालायला माझ्याकडे तोंड नव्हतं. रंगांची सवय लागली होती हे खरं. कालही डोळे मिटले की निळं वाहत होतं, त्यात मध्ये मध्ये काळ्या जागा होत्या, आणि आता मला माहीत होतं की त्या रिकाम्या नाहीत.

काळ्याचं टेबल अजून तसंच आहे, खिडकीजवळ, उजेडात. मार्चअखेर त्याचा निकाल लागेल. मुलगी रोज त्यावरची धूळ पुसते आणि मला काही विचारत नाही. टेबल तिचं आहे आणि काम तुमचं आहे, माझा त्यात काही संबंध नाही, म्हणून सांगते: आलात तर माझ्यासाठी म्हणून येऊ नका आणि माझ्यामुळे यायचं टाळूही नका. मी दुपारची पाळी मागून घेतली आहे. तुम्ही सकाळच्या पाळीला असाल तर मी फाटकात शिरेपर्यंत तुम्ही बाहेर पडलेल्या असाल. वरच्या खोलीचा जिना बाहेरून आहे. तुमचा भाऊ जेवण वर आणून देईल, गुडघा असो नसो. तुम्ही बोलाल तेव्हाच मी समोर येईन, आणि कधीच बोलला नाहीत तरी खोली तुमचीच राहील.

क्षमा मागणार होते. तुमचा भाऊ म्हणाला, ते मागायचं नाही, मागितलंस की तिला द्यावी लागते. म्हणून मागत नाही.

भाचीला मी काही सांगितलेलं नाही. हे पत्र तिच्याकडून वाचून घेऊ नका, वन्सं. तुमचे डोळे चांगले आहेत. स्वतः वाचा, आणि बरोबर वाचलंत का, हे कुणाला विचारू नका. तुम्ही बरोबरच वाचलं आहे.

नमस्कार.

'वहिनी' असं लिहायचा हक्क आता मी आपणहून घेणार नाही, तुम्ही दिलात तर घेईन. तोवर,

तुमच्या भावाची बायको